आबांची बोटं आणि लॉनवरचा डीजे

अठ्ठावीस वर्षं मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवली. पत्र्याची पट्टी आत सरकवायची, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, धाड्. पुन्हा पट्टी सरकवायची, बटणं दाबायची, धाड्. या कामाचा कंपनी मला पगार द्यायची, वर्षाला दोन जोड गणवेश द्यायची आणि कानात घालायला पिवळे बोळे द्यायची. तरी निवृत्त झालो तेव्हा डावा कान निम्मा गेलेला होता. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की, तोच आवाज ऐकायला लोक हौसेनं तिकीट काढतात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आधी हसलो आणि मग मला मनापासून चीड आली.

कळलं ते माझ्याच मुलीमुळे. ती सत्तावीस वर्षांची आहे. दिवसा एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते आणि संध्याकाळी हर्सूलच्या आमच्या घरात मागच्या खोलीत बसून लॅपटॉपवर संगीत करते. ‘करते’ हा शब्द तिचा. गाणं म्हणतात, पेटी वाजवतात, एवढं मला ठाऊक होतं. संगीत करतात हे नवीन होतं. तिच्या गाण्यात शब्द नसतात. आता काहीतरी येणार, येणार, असं करत आवाज चढत जातो, मग एकाएकी सगळं गप्प होतं, आणि मग पुन्हा तेच धाड्-धाड्. गप्प झाल्यानंतर जे कोसळतं त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात.

“पप्पा, सगळी मजा ड्रॉपमध्ये असते,” ती मला समजावून सांगायची.

“आमच्या प्रेसवर मिनिटाला साठ ड्रॉप पडायचे,” मी म्हणायचो. “कुणी नाचलं नाही.”

इथपर्यंत आमचं थट्टेत चाललं होतं. भांडण झालं ते हलगीवरून.

आमचं मूळ गाव अजिंठ्याच्या अलीकडं. गावची हलगी आमच्या घराकडं होती. जत्रा असो, लग्न असो, पाटलांच्या दारी काही असो, निरोप आला की हलगी खांद्याला अडकवून जायचं, ओट्याच्या खाली उभं राहून वाजवायचं आणि वरून टाकलेली भाकरी पदरात झेलून घरी यायचं. धम्म घेतला त्याच आठवड्यात माझ्या आजोबांनी हलगीचं चामडं विळ्यानं फाडलं आणि तिचं लाकडी कडं चुलीत घातलं. आता या घरात हलगी नाही, म्हणाले. ही गोष्ट आमच्याकडं पोरांना अक्षरओळखीच्या आधी सांगितली जाते. माझ्या वडलांना आम्ही आबा म्हणायचो. ते तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. “मी तिला कधी हातसुद्धा लावला नाय,” असं ते ताठ मानेनं सांगायचे. रस्त्यात हलगीवाली वरात दिसली तर आबा गल्ली बदलायचे. टीव्हीवर लागली तर उठून टीव्ही बंद करायचे, आणि मग आम्ही सगळे काळ्या पडद्याकडं बघत बसायचो.

पण आबांची बोटं त्यांचं ऐकत नसत. जेवण झालं, खाटेवर टेकले, डोळे मिटले की उजव्या हाताची बोटं खाटेच्या लोखंडी नळीवर वाजायला लागायची. संथ ठेका, एकसारखा, आणि मधेच बंद. मला वाटायचं, लागला डोळा. तेवढ्यात आबा मान वळवून मागं बघायचे. मागं भिंत असायची. भिंतीकडं जरा वेळ बघून झालं की बोटं पुन्हा चालू. कुणी पाहत तर नाही ना, म्हणून ते मागं बघतात अशी माझी समजूत होती. मी एकदा विचारलं, “आबा, काय वाजवताय?” त्यांनी हात झटकन मांडीखाली दाबला. “काय नाय. बोटं आखडलीत.” पुन्हा मी विचारलं नाही.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात माझ्या मुलीनं ती बोटं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवली होती. आबांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ते गेल्यावर तीन वर्षांनी तिनं तो ठेका लॅपटॉपमध्ये घातला, त्यावर कुठूनशी उतरवून घेतलेली हलगी चढवली आणि मोठ्या उत्साहानं मला ऐकवायला बसवलं. मी पाच सेकंद ऐकलं आणि आबांनी टीव्ही बंद केला असता तसा लॅपटॉप मिटला.

“पणजोबांनी चुलीत घातली ती तू वायरीनं परत घरात आणलीस,” मी म्हणालो.

“पप्पा, चुलीत गेलं ते लाकडाचं कडं. आबांच्या बोटातलं कुणी घातलं चुलीत?”

मग महिनाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. म्हणजे भाजी वाढ, पाणी आलंय, एवढं बोलायचो. शेवटी तिच्या आईनं तोडगा काढला. शहरात पहिल्यांदाच असा मोठा महोत्सव होणार होता आणि त्यात आमच्या पोरीला अर्धा तास मिळाला होता. आई म्हणाली, तुम्ही एकदा जा, शेवटपर्यंत उभं राहून ऐका, आणि मग सांगा. मुलगी म्हणाली, ठीक आहे. पूर्ण ऐकून पप्पा म्हणाले बंद कर, तर मी बंद करीन. सगळं सामान विकून टाकीन, पुन्हा नाव काढणार नाही. ती शब्दाला पक्की आहे, माझ्यावर गेलीय. मी मनातल्या मनात त्याच वेळी ‘बंद कर’ म्हणून टाकलं होतं. जायचं तेवढं बाकी होतं.

महोत्सव म्हणजे मला वाटलं होतं काहीतरी भव्य मैदान असेल. निघालं लग्नाचं लॉन. जालना रोडला, विमानतळाच्या पुढं. याच लॉनवर मी तीन लग्नं जेवलोय. दारातल्या कमानीवर काळं कापड टाकून त्यावर इंग्रजी अक्षरं लावली होती, पण वाऱ्यानं कापड सरकलं की खालचं ‘शुभविवाह’ दिसायचं. नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा एका मांडवात ठेवून त्याला व्हीआयपी कक्ष केला होता. त्यावर दोन पोरं पाय पसरून झोपलेली होती. मोठ्या फलकावर डीजे लोकांची नावं होती. त्यातल्या निम्म्यांच्या नावातून स्वर गळालेले, वाचायला गेलं की जीभ अडकायची. माझ्या मुलीचं नाव अगदी तळाशी, जाहिरातीत अटी-नियम छापतात त्या आकारात.

दारात एका पोरीनं माझ्या मनगटावर कागदी पट्टा चिकटवला. घाटी दवाखान्यात दाखल केल्यावर चिकटवतात तसा. “अंकल, निकालना मत, अंदर नहीं आने देंगे,” ती म्हणाली. शेजारी एक माणूस कानातले बोळे विकत होता, किल्लीला अडकवायच्या रंगीत डबीतून. मी त्याला सांगितलं, बाबा रे, हे मला कंपनी फुकट द्यायची. त्याला ते कळलं नाही. घरून आणलेला जुना पिवळा बोळा मी चांगल्या कानात घातला.

आत गेलो तर वेशभूषेचा तमाशा. दुपारचे तीन वाजलेले, ऊन डोक्यावर, आणि पोरांनी गालावर चमकी फासलेली. घामाबरोबर ती हनुवटीवर आली होती. डोक्यावर उलट्या बादलीसारख्या टोप्या. कमरेला इवलीशी पिशवी, ज्यात मोबाईलही मावत नाही, म्हणून मोबाईल हातात. पोरींच्या पायांत जाळीचे मोजे. मासे धरायची जाळी बरी, तिला काहीतरी उद्देश असतो. आमच्या कारखान्यात फोर्कलिफ्टवाल्याला दम देऊन घालायला लावायचो ती भगभगीत नारंगी जाकिटं इथं चार-पाच जणांनी हौसेनं घातली होती. एका पोरीच्या अंगावर आरसे आणि कवड्या लावलेली लमाणी चोळी होती, नवी कोरी, ऑनलाईन मागवलेली. तांड्यावरची बाई हीच चोळी घालून बसमध्ये चढली तर ही पोरगी तिच्या शेजारी बसेल का, हे मला तिला विचारायचं होतं. विचारलं नाही, पण अजून विचारावंसं वाटतं.

आणि नाच! नाच म्हणजे काय, तर एक जण जागच्या जागी पळत होता. पाय भराभर मागं घसरवायचे, पुढं टाकायचे, आणि माणूस होता तिथंच. त्याला ‘शफल’ म्हणतात, त्यासाठी म्हणे शहरात शिकवण्या आहेत. त्याच्याभोवती रिंगण करून पाच-सहा जण मोबाईल धरून उभे. दुसऱ्या बाजूला काही जण पुढच्या लोखंडी कठड्याला धरून मानेला झटके देत होते, अंगात आल्यासारखे. फरक एवढाच की अंगात आलेली बाई निदान काहीतरी सांगते तरी. उरलेले सगळे एक हात वर करून बोट आभाळाकडं. मीही दोनदा वर पाहिलं. काही नव्हतं. आणि मधूनच पोरं पोरींना खांद्यावर घ्यायची. वर बसलेली पोरगी दोन्ही हातांचा बदाम करून स्टेजला दाखवायची, खालचा पोरगा डुलायचा, घाम पुसायला त्याला हात मोकळा नसायचा.

स्टेजवरचा डीजे पुण्याहून आला होता. तो ओरडायचा, “मेक सम नॉईज!” आवाज करा म्हणे. आवाज कमी पडत होता जणू. माझ्या छातीतली हाडं हलत होती आणि चांगल्या कानातल्या बोळ्यातूनसुद्धा धाड् आत येत होतं. पण मला खरी चीड आली ती वेगळ्या गोष्टीची. या माणसाचे दोन्ही हात बहुतेक वेळ वर होते. टाळ्या वाजवायला लावायचा, लाटा करायला लावायचा, आणि मशीन आपलं चालूच! आमच्या प्रेसचा नियम असा की दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय ती खाली येत नाही. एक हात उचललात की प्रेस थांबली. त्या नियमामुळं माझी दहाही बोटं शाबूत आहेत. हात वर करून चालणारं मशीन म्हणजे आधीच भरून ठेवलेलं मशीन, एवढं मला कळतं. हा गृहस्थ तासभर मशीनसमोर उभा राहून व्यायाम करत होता आणि दोन हजार पोरं त्याला देव समजून बदाम दाखवत होती.

चार वाजता माझी मुलगी आली. पंगतीत आधी मीठ वाढून जातात तसा हा वेळ; खरे पाहुणे संध्याकाळी येणार होते. अर्धी पोरं खायच्या गाड्यांकडं वळली. तिनं साधा काळा शर्ट घातला होता, चमकी नाही, टोपी नाही. ‘नॉईज’ वगैरे काही मागितलं नाही. मान खाली घालून दोन्ही हात मशीनवर ठेवले ते ठेवलेच. मला हे लक्षात आलं आणि मी ते मनातून बाजूला सारलं, कारण मी ‘बंद कर’ म्हणायला आलो होतो.

पहिली दहा मिनिटं तेच, धाड्-धाड्. मी मागं, रचून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपाशी उभा होतो. शेजारी लॉनचा म्हातारा वॉचमन. डोक्याला पांढरा पटका, हातात काठी. आधी बोलणं झालं होतं. तोही अजिंठ्याकडचा, धनगर, मेंढरं विकून झाल्यावर पोराबरोबर शहरात आलेला. आमचं दोघांचं एका बाबतीत पूर्ण एकमत होतं. “याच्यापरीस मेंढरं शानी,” तो म्हणाला होता, “बिगर कामाचं उड्या नाय मारत.”

मग ती चाल आली. आधी नुसती आबांची बोटं, लोखंडी नळीवर. एवढ्या मोठ्या भोंग्यातून. मग त्यावर हलगी चढली, ठेका वाढत गेला, गाड्यांकडं गेलेली पोरं हातातले कागदी बाऊल टाकून पळत परत आली. आवाज चढत गेला, आणि एकदम सगळं गप्प. दोन हजार हात वर. तिनं थांबा दिला होता. आबांचाच थांबा, पण कापून आखूड केलेला. मग ड्रॉप कोसळला आणि लॉनवर धुरळा उडाला. अक्षरशः धुरळा, हिरवळ कधीच मेली होती. पुन्हा ठेका, पुन्हा थांबा, पोरी खांद्यांवर चढलेल्या, आणि पुन्हा कोसळणं.

मी रागानं वॉचमनकडं वळलो, दोन शब्द मिळून बोलावे म्हणून. त्यानं काठी जमिनीवर ठेवली होती. पटका काढून हातात घेतला होता आणि मान खाली घालून तो गप उभा होता. त्या सगळ्या उड्या मारणाऱ्या गर्दीत तेवढा एकच माणूस हलत नव्हता.

“काय झालं, मामा?” मी त्याच्या कानात ओरडलो.

“मयताची हलगी हाय नव्हं ही,” तो म्हणाला. “आमच्याकडचीच चाल हाय. मयत चाललं की उभं ऱ्हावं लागतं.”

मला आधी हसू फुटलं. खरं सांगतो, फार बरं वाटलं. चमकी फासलेली, बादल्या घातलेली ही सगळी शहाणी पोरं मयताच्या हलगीवर नाचतायत, आणि एकालाही पत्ता नाही! आमच्या घरानं हलगी चुलीत घातली, तिच्याबरोबर कुठली चाल कशाची हेही जळून गेलं. लग्नाची, जत्रेची की मयताची, सांगायला कुणी उरलं नाही. पोरीला वाटलं आबांचा ठेका म्हणजे आनंदाचा ठेका. मलाही कधी वेगळं वाटलं नव्हतं.

“पर थांबा लवकर आटपतोय,” वॉचमन पुन्हा म्हणाला. “येवढ्यात खांदा बदलून व्हत नाय.”

“कसला खांदा?”

“तिरडीचा. चौघं खांदा बदलत्यात तवा हलगी थांबती. वाजवणारा म्होरं आसतो, त्यो मागं वळून बघतो. चौघांचं खांदं नीट बसलं की मंग हलगीवर काठी पडती. त्येच्या आधी नाय.”

माझं हसू तिथंच थांबलं. आबांची मान माझ्या डोळ्यांसमोर वळली. खाटेवर, डोळे मिटलेले, बोटं थांबलेली, मान मागं. मागं भिंत. ते कुणी पाहतंय का हे बघत नव्हते. ते खांदे बसलेत का बघत होते. नुसतं ऐकून माणसाला ठेका येतो, मान वळवायची सवय लागत नाही. ‘मी कधी हातसुद्धा लावला नाय’ म्हणणारा माझा बाप, सात-आठ वर्षांचा असताना, गावातल्या लोकांच्या मयतापुढं हलगी वाजवत चालला होता. आणि आयुष्यभर रोज जेवण झाल्यावर तो पुन्हा तिथंच चालत होता, आणि मी विचारलं की हात मांडीखाली दाबत होता. आम्ही त्याला इतकं ताठ मानेचं करून ठेवलं होतं की त्याला हे सांगायला जागाच उरली नव्हती. तो गेला तेव्हा आम्ही त्रिसरण म्हणत शांतपणे नेलं. मी पुढच्या उजव्या बाजूला होतो. वाटेत खांदा बदलला, तेव्हा मागं वळून बघणारं कुणी नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, कारण तिथं कुणी माझ्याकडं बघत नव्हतं.

साडेचारला तिचं संपलं. पुढच्या डीजेनं येऊन दोन्ही हात वर केले आणि पोरांनी त्याला बदाम दाखवले; त्यांना कुणीही चालतं. त्या लोकांबद्दलचं माझं मत त्या दिवशी तसूभरही बदललं नाही, आजही तेच आहे.

मुलगी स्टेजमागून थेट माझ्याकडं आली. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. आनंद दाबून धरलेला. ती वॉचमनला नमस्कार करून माझ्यासमोर उभी राहिली.

“बोला, पप्पा. बंद करू?”

मी तिला सांगितलं. मयताची चाल आहे हे सांगितलं, तिरडी सांगितली, आणि आबा मागं का बघायचे तेही सांगितलं. तिचा चेहरा उतरत गेला. ती खालीच बसली, मातीत. म्हणाली, “मी काढून टाकते ती. आजच काढते. मला माहीत नव्हतं, पप्पा.”

“काढू नको,” मी म्हणालो. “थांबा वाढव. तेवढ्यात चौघांना खांदा बदलता येत नाही.”

“किती वाढवू?”

आकड्यात मला सांगता येईना. मी रचलेल्या खुर्च्यांपैकी वरच्या खुर्चीच्या पाठीवर बोटं ठेवली. आमच्या घरात हलगीला हात लावायचा नाही. मी खुर्चीला लावला. आबांसारखंच, संथ वाजवलं, थांबलो आणि मान वळवून मागं पाहिलं. मागं पत्र्याचं कुंपण होतं. मी चौघांचे खांदे नीट बसू दिले. मुलगी माझ्याकडं बघत बोटांवर मोजत होती, वॉचमन पटका हातात घेऊन तसाच उभा होता, आणि मग मी पुढं वाजवायला लागलो.